खेळांतलें पाप

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत माझा भाचा चार दिवस आमच्याकडे राहावयास आला होता. मुलगा हुशार, अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. एके रात्रीं अकराच्या सुमारास तो संगणकापुढें डोक्याला हात लावून बसलेला दिसला. काय झालें म्हणून विचारलें तेव्हां म्हणाला, "मामा, एका म्हाताऱ्याला फसवलं, आणि आतां चैन पडत नाहीं." मी दचकलों. मग कळलें कीं, म्हातारा पडद्यावरचा होता, फसवणूकही पडद्यावरचीच होती, आणि ती मुळांतूनच नाहींशी करण्यास एक कळ दाबणें पुरेसें होतें. मी हसलों. परंतु हसूं ओसरल्यावर मला माझीच तीस वर्षांपूर्वींची एक गोष्ट आठवली, आणि आपल्या हसण्यांत प्रामाणिकपणा नव्हता असें वाटूं लागलें.

ज्या वाचकांचा या खेळांशीं परिचय नसेल त्यांच्याकरितां थोडें सांगितलें पाहिजे. १९७४ सालीं अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघांनीं 'डंजन्स ॲण्ड ड्रॅगन्स' नांवाचा एक बैठा खेळ प्रसिद्ध केला. त्यांत चारपांच मित्रांनीं टेबलाभोंवतीं बसावयाचें, प्रत्येकानें योद्ध्याचें, चोराचें वा मांत्रिकाचें सोंग घ्यावयाचें, आणि फांसे टाकीत, बोलत बोलत, सर्वांनीं मिळून एक गोष्ट घडवावयाची. पुढें हीच कल्पना संगणकावर आली व सूत्रधाराची जागा यंत्रानें घेतली. अशा खेळांपैकीं कांहींत वाट आंखून दिलेली असते. कांहींत मात्र खेळणाऱ्याला एका अनोळखी देशांत नेऊन सोडतात आणि निर्माता बाजूला होतो. गांवें, रस्ते, माणसें, त्यांचीं भांडणें सर्व तेथें आहे. आज कोणीकडे जावें हें मात्र ज्याचें त्यानें ठरवावयाचें. या दुसऱ्या जातीचे कांहीं खेळ तीसतीस, चाळीसचाळीस वर्षें टिकले आहेत. त्यांतलीं चित्रें आज ओबडधोबड दिसतात. त्यांच्याहून कितीतरी देखणे खेळ दरसाल निघतात व विस्मृतींत जातात. तरी जीं प्रौढ माणसें एरव्हीं वेळ मिळत नाहीं म्हणून कुरकुरत असतात, तीं पुन्हां पुन्हां या जुन्या खेळांकडे वळतात. असें कां व्हावें?

याचें ठराविक उत्तर 'स्वातंत्र्य' हें आहे. मला तें अपुरें वाटतें. मोकळ्या माळरानावरही माणसाला हवें तें करण्याची मुभा असते. पण तेथें कोणी रात्र रात्र जागत बसत नाहीं.

रिचर्ड गॅरियट या टेक्सासमध्यें वाढलेल्या गृहस्थानें १९८५ सालीं 'अल्टिमा'-मालेंतील चौथा खेळ प्रसिद्ध केला. तोंपर्यंत अशा खेळांचा शेवट ठरलेला असे: कोणीतरी महादुष्ट असावयाचा आणि त्याचा वध करावयाचा. तो वध साधण्याकरितां खेळणारे लोक वाटेंत बिनदिक्कत चोऱ्या करीत, निरपराध गांवकऱ्यांस मारीत, आणि तरीही शेवटीं 'वीर' म्हणून मिरवीत. गॅरियटला ही विसंगति बोंचली. त्यानें चौथ्या खेळांतून तो महादुष्ट काढूनच टाकला. सत्य, प्रेम आणि धैर्य या तीन तत्त्वांपासून निघालेले आठ सद्गुण (प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, सन्मान, आत्मनिष्ठा व नम्रता) स्वतःच्या वागणुकींत आणणें हेंच त्या खेळाचें साध्य. हे सर्व साधून जो होतो त्याला गॅरियटनें नांव दिलें 'अवतार'. प्रत्येक सद्गुणाचें एक देवस्थान, तेथें ध्यान करावयाचें, आणि त्याकरितां मंत्र लागावयाचा. त्यांतला एक मंत्र तर चक्क 'ओम्'! आपल्या शब्दांनीं केवढा प्रवास केला हें पाहून गंमत वाटते. मात्र आपला अवतार वरून खालीं उतरतो, शब्दाचा अर्थच तो आहे. गॅरियटचा अवतार खालून वर चढतो. संस्कृताच्या अध्यापकांनीं या चुकीवर रागवावें कीं नाहीं तें त्यांचें त्यांनीं ठरवावें.

खेळाच्या आरंभीं एक भविष्य सांगणारी बाई खेळणाऱ्याला कूटप्रश्न घालते. तुमच्या हातीं न मोजलेली मोहरांची थैली दुसऱ्यास पोंचविण्याकरितां दिली आहे. वाटेंत भिकारी भेटतो. थैली जशीच्या तशी पोंचवाल, कीं एक नाणें भिकाऱ्यास द्याल? दोन्ही उत्तरें चांगलीं आहेत, आणि म्हणूनच प्रश्न अवघड आहे. चांगलें आणि वाईट यांतून निवडणें सोपें. दोन चांगल्यांपैकीं एकाचा त्याग करणें हेंच खरें कठीण, हें त्या बाईनें मला जितकें लवकर समजावलें तितकें आमच्या नीतिशास्त्राच्या पाठ्यपुस्तकानें समजावलें नव्हतें.

आतां माझी गोष्ट. १९९२ च्या सुमारास एका मित्राच्या घरीं मी हा खेळ खेळत असें. त्यांत मंत्रसिद्धीकरितां लागणाऱ्या जडीबुटी विकणाऱ्या बायका आहेत, आणि त्या आंधळ्या आहेत. बाई किंमत सांगते. किती नाणीं तिच्या हातावर ठेवावयाचीं तें आपण आपल्या हातानें लिहावयाचें. ती मोजून पाहत नाहीं. मीं एक नाणें ठेवलें. तिनें तें घेतलें आणि माल दिला. पुढच्या खेपेसही मीं तेंच केलें. मित्र म्हणाला, "अरे, आंधळी आहे ती." मी म्हणालों, "ती आहेच कुठें?" या उत्तरावर मी फार खूष होतों. पुढें खेळांतील एका द्रष्ट्याकडे आपली प्रगति विचारावयास गेलों, तेव्हां त्यानें प्रामाणिकपणाच्या बाबतींत माझी अशी कानउघाडणी केली कीं, मला खरोखर घाम फुटला.

प्लेटोच्या 'रिपब्लिक' ग्रंथाच्या दुसऱ्या भागांत लिडियांतील एका मेंढपाळाची कथा आहे. त्याला अदृश्य करणारी आंगठी सांपडते, आणि कोणी पाहत नाहीं असें समजतांच तो राजाचा खून करून राज्य बळकावतो. ती आंगठी हातीं असतां सज्जन सज्जन राहील काय, असा ग्लॉकनचा सवाल आहे. गॅरियटची आंधळी विक्रेती म्हणजे तीच आंगठी. फरक इतकाच कीं, प्लेटोची आंगठी आपण कल्पनेंत घालून पाहतों आणि 'मी असें करणार नाहीं' असें सहज म्हणून टाकतों. येथें ती प्रत्यक्ष बोटांत घालून पाहावी लागते, आणि आपण काय केलें तें लिहून ठेवलें जातें. ती बाई नव्हती हें माझें म्हणणें बरोबरच होतें. तिला इजा झाली नाहीं. पण मीं एक नाणें लिहिलें तेव्हां तिला इजा होत नाहीं म्हणून लिहिलें नव्हतें. ती पाहत नाहीं म्हणून लिहिलें होतें.

यावर एक आक्षेप निघतो, आणि तो दुबळा नाहीं. द्रष्ट्याच्या कानउघाडणीनंतर मीं काय केलें? बाईला पुरे पैसे देऊं लागलों, आणि भिकारी दिसला कीं त्याच्या हातावर नाणें ठेवूं लागलों. कारण त्यायोगें करुणेच्या खात्यांत जमा होते हें मला कळलें होतें. याला करुणा म्हणावयाचें काय? कांट म्हणाला असता, मुळींच नाहीं. आपल्याकडे लाखोली वाहणारा मनुष्य जसा पानें मोजतो, तसा मी भिकारी मोजीत होतों. उलट, रामेश्वराला नेण्याची कावड तहानलेल्या गाढवाच्या तोंडीं रिती करणाऱ्या एकनाथांनीं ती कोणत्या खात्यांत जमा होईल हें विचारलें नव्हतें. आणि जेथें नम्रताही अंकांनीं मोजली जाते तेथें ती साध्य झाल्याचा आनंद हाच तिचा नाश नव्हे काय? ॲरिस्टॉटल माझ्या मदतीला येतो, नाहीं असें नाहीं: न्यायाचीं कृत्यें करीत करीतच मनुष्य न्यायी होतो, आधीं हेतु शुद्ध करून मग कृत्याला लागत नाहीं. पण सवय जडावयाला कृत्य खरें असावें लागतें, आणि माझ्या दानानें माझ्या खिशांतला एक पैसाही कमी झाला नव्हता.

गॅरियटला स्वतःला हा आक्षेप दिसला असावा, असें त्याच्या पुढच्या खेळावरून मला वाटतें. १९८८ सालच्या पांचव्या 'अल्टिमा'मध्यें ब्लॅकथॉर्न नांवाचा राज्यकर्ता त्याच आठ सद्गुणांचे कायदे करतो आणि ते न पाळणाऱ्यास भयंकर शिक्षा ठेवतो. देश जुलमानें रडकुंडीला येतो. खोटें बोलण्यास जागाच उरली नाहीं, तर खरें बोलण्यास किंमत कसली? तेव्हां माझें उत्तर असें कीं, आंधळ्या बाईला लुबाडण्याची मोकळीक ही त्या खेळांतली ढिलाई नव्हे. तिच्यावांचून पुरे पैसे देणें हें कृत्यच उरत नाहीं.

मग या खेळांची ओढ कशांत आहे? मला वाटतें, हवें तें करतां येतें यापेक्षां, केलेलें तेथें वायां जात नाहीं यांत ती जास्त आहे. १९९७ च्या 'फॉलआउट' या खेळांत, माणसांचे राक्षस बनवून नवी जात निर्माण करूं पाहणाऱ्या प्रतिपक्षाला बंदुकीनें मारतां येतें. पण त्याच्या राक्षसांना संतति होऊं शकत नाहीं असा पुरावा त्याच्यापुढें ठेवला, तर तो आपली योजना फोल आहे हें ओळखून स्वतःचा नाश करतो. केवळ पुराव्यानें प्रतिपक्षाचें मत फिरलें! पंचवीस वर्षांच्या अध्यापनांत मला हें एकदांही साधलेलें नाहीं. आपल्या जीवनांत कृत्य आणि फळ यांची गांठ फार क्वचित् पडते. हजारों उत्तरपत्रिका तपासल्या. त्यांतल्या अर्ध्या गुणानें कोणाचें काय झालें हें मला कळलेलें नाहीं, कळणारही नाहीं. खेळांतलें जग लहान असतें आणि निर्मात्यानें जेवढें योजलें तेवढेंच उत्तर देतें. परंतु उत्तर देतें.

येथें एक गोष्ट कबूल केली पाहिजे. या जगांत मागें जातां येतें. २००२ च्या 'मॉरोविंड'मध्यें भविष्यवाणी खरी होण्यास ज्याची गरज आहे अशा माणसाला मारलें, तर खेळ सांगतो कीं, आतां पूर्वींची नोंद उघडून मागें जा, नाहीं तर स्वतःच बिघडवलेल्या या जगांत राहा. बहुतेक लोक मागें जातात. किंमत न देतां मिळणारें हें प्रायश्चित्त मला आवडत नाहीं, आणि खेळांतली नीति कच्ची राहते ती येथें. माझ्या भाच्याजवळही आदल्या तासाची नोंद होती. "मग उघड कीं ती," मी म्हणालों. तो म्हणाला, "नको. मग तो म्हातारा माझ्याशीं पहिल्यासारखाच गोड बोलेल." आणि संगणक बंद करून निजावयास गेला.

हा लेख लिहितांना आणखी एक आठवण वर आली. त्याच वर्षीं आमच्या वसतिगृहाच्या फाटकाशीं एक म्हातारी शेंगा विकीत असे. तिला दिसत फार कमी. नोट ती बोटांनीं चांचपून ओळखी. माझ्याजवळ एक फाटकी, चिकटवलेली नोट बरेच दिवस पडून होती, ती मीं एका संध्याकाळीं घडी घालून तिच्याकडे खपवली. पडद्यावरची बाई मला तीस वर्षें आठवत आली आहे. ही मात्र आज आठवली. तेव्हां मला कोणी कांहीं बोललें नव्हतें. शेंगा घेऊन मी त्याच मित्राकडे खेळावयास गेलों. नोट पांच रुपयांची होती.