मनोरथ आणि रथ

‘मनोरथ’ हा शब्द ज्या कोणीं प्रथम योजिला, त्याला मानवी मनाची चांगलीच पारख असली पाहिजे. इच्छेला रथ म्हणावयाचें, म्हणजे ती आपणांस वाहून नेते हें एक. आणि तो रथ मनाचा, म्हणजे त्याला घोडे लागत नाहींत, त्याचीं चाकें झिजत नाहींत, आणि वाटेंत कोणी जकात मागत नाहीं, हें दुसरें. असा रथ पन्नास वर्षें हांकीत बसलेल्या मनुष्याच्या दारांत एके दिवशीं खरोखरीचा रथ येऊन उभा राहिला, तर त्याचें काय होतें? हा प्रश्न आजवर आम्हांस कवींच्या विचाराचा वाटत असे. गेल्या दोन वर्षांत तो आमच्या घरांत शिरला; आणि त्यांत काव्याहून नीतीचा भाग अधिक निघाला, म्हणून तो वाचकांपुढें मांडीत आहों.

आमचा रथ म्हणजे १९७२ सालीं जपानांत तयार झालेली, दोघांपुरती जागा असलेली एक मोटारगाडी. तिचें नांव डॅटसन २४० झेड. तें आम्हीं प्रथम वाचलें पुण्यास, अप्पा बळवंत चौकांतील जुन्या पुस्तकांच्या पथारीवर, वयाच्या चौदाव्या वर्षीं. एका अमेरिकन मासिकाचा मुखपृष्ठ गेलेला अंक होता, व त्यांतील एका पानावर ही गाडी होती. पुढचें नाक लांबच लांब, मागचा भाग आंखूड, आणि बसणाराची जागा जवळजवळ मागच्या चाकांवर. तो काळ १९७४ चा. आपल्या रस्त्यांवर तेव्हां अँबॅसडर, फियाट आणि स्टँडर्ड एवढ्याच जातींच्या मोटारी बहुधा दिसत, आणि साध्या स्कूटरसाठींहि नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे. आमच्या वडिलांजवळ सायकल होती. तो अंक आम्हीं चार आण्यांस घेतला आणि तें पान फाडून बीजगणिताच्या पुस्तकांत ठेविलें. पुढें नोकरीच्या निमित्तानें आम्ही कॅलिफोर्नियांत आलों, संसार तेथेंच झाला, मुलें तेथेंच वाढलीं. घरें बदललीं, पण तें पान दर वेळीं आमच्याबरोबर आलें.

मोटारींची ज्यांस आवड नाहीं अशा वाचकांसाठीं ह्या गाडीची हकीकत थोडी सांगितली पाहिजे, कारण पुढील विचाराशीं तिचा संबंध आहे. निस्सान कंपनीनें ती १९६९ च्या अखेरीस ‘फेअरलेडी झेड’ ह्या नांवानें जपानांत विक्रीस काढली. अमेरिकेंत कंपनीचा कारभार पाहणारे युताका काटायामा यांस तें नाजूक नांव मुळींच पसंत नव्हतें. तिकडे आलेल्या पहिल्या गाड्यांवरील नांवाच्या पट्ट्या त्यांनीं स्वतःच्या हातानें उपटून काढल्या व त्या जागीं ‘२४० झेड’ हीं अक्षरें बसविलीं, असें सांगतात. आंकडा इंजिनाच्या मापाचा. सहा सिलिंडरांचें तें इंजिन २३९३ घन सेंटिमीटरांचें आहे. परंतु खरी मौज इंजिनांत नसून किंमतींत होती. तशा वेगाच्या आणि तशा रूपाच्या युरोपीय गाड्या त्या वेळीं श्रीमंतांच्या अंगणांतच दिसत; ही साडेतीन हजार डॉलरांच्या आसपास मिळूं लागली. कारकुनानें, शाळामास्तरानें, नुकत्याच नोकरीस लागलेल्या तरुणानें धीर करून घ्यावी अशीच ती किंमत होती. १९७८ पर्यंत ह्या घाटाच्या पांच लाखांहून अधिक गाड्या विकल्या गेल्या. काटायामा २०१५ सालीं, १०५ वर्षांचे होऊन वारले. त्यानंतर पांच वर्षांनीं, २०२० च्या जानेवारींत, १९७१ सालची उत्तम राखलेली एक २४० झेड लिलावांत तीन लाख दहा हजार डॉलरांस गेली. स्वस्ताई हाच जिचा मोठा गुण, तिची ही गति! वस्तूंच्या नशिबींहि असे विनोद असतात.

आमची गाडी त्या पंक्तींतील नव्हे. तरी साध्या नव्या मोटारीला पडतील त्याहून अधिक पैसे तिला पडले, हें कबूल केलें पाहिजे. ह्या गाड्यांचा मोठा शत्रु गंज. बाहेरून रंग चकचकीत असला तरी बॅटरीखालचा पत्रा, तळाचा पत्रा आणि दारांखालच्या कडा आंतून खाल्लेल्या असतात. म्हणून घेणारा मनुष्य लोहचुंबक घेऊन गाडीभोंवतीं फिरतो, आणि जेथें चुंबक चिकटत नाहीं तेथें रंगाखालीं नुसती पुट्टी आहे असें समजतो. आम्हींहि तसेंच केलें. विकणारे गृहस्थ तें सर्व शांतपणें पाहत उभे होते. ते निवृत्त शाळामास्तर, वय ऐंशीच्या पलीकडे. गाडी त्यांनींच १९७२ सालीं नवी घेतलेली. डाव्या गुडघ्याला आतां क्लच सोसत नाहीं आणि मुलांपैकीं कोणास ती नको, म्हणून विकावयाची. त्यांनीं एक वही आमच्या हातीं दिली. तींत पन्नास वर्षांत भरलेल्या पेट्रोलचा हिशेब तारीखवार लिहिला होता. शेवटीं त्यांनीं विचारलें, “तुम्हांला ही कशासाठीं हवी?” आम्हीं बीजगणिताच्या पुस्तकांतल्या पानाची गोष्ट सांगितली. ते हंसले व म्हणाले, “मला तर शाळेंत जायला गाडी हवी होती.”

घरीं येतांना सबंध वाट तें वाक्य आमच्या कानांत होतें. ह्या मनुष्यानें हिची उत्कंठा कधीं धरली नाहीं, आणि पन्नास वर्षें ती त्याची होती. आम्हीं पन्नास वर्षें उत्कंठा धरली, आणि ती एक दिवसहि आमची नव्हती. मग ती अधिक कोणाची? कायद्याला ह्याचें उत्तर एका सहीनें देतां येतें. मनाला येत नाहीं.

आमच्या एका स्नेह्यांनीं ह्या खरेदीस उधळपट्टी म्हटलें. एवढ्या पैशांत गांवाकडच्या शाळेला दोन खोल्या झाल्या असत्या, असें ते म्हणाले. तें खरें आहे. मात्र आम्हीं गरज नसतां घराला आणखी एक खोली बांधिली, तेव्हां हेच स्नेही वास्तुशांतीस जेवून गेले होते व त्यांस शाळा आठवली नव्हती. उपयोगाचा बुरखा घेतलेली चैन समाजाला चालते, उघडी चैन खुपते, एवढेंच त्यावरून सिद्ध होतें. आमची बाजू कांहीं सिद्ध होत नाहीं. धुराचा आक्षेप त्याहून खरा. कॅलिफोर्नियांत १९७५ सालच्या व त्यापूर्वींच्या गाड्यांस धुराची तपासणी माफ आहे. जपानांत उलट तेरा वर्षांहून जुन्या पेट्रोल-गाडीवर वाढीव कर बसतो. पहिला कायदा आमच्या सोयीचा, दुसरा अधिक शहाणपणाचा. कायद्यानें माफी दिली म्हणून शेजारच्या मुलाच्या छातीनेंहि ती दिली असें होत नाहीं. म्हणून आम्ही गाडी आठवड्यांतून एकदांच बाहेर काढतों, व तेवढ्यावर स्वतःला माफ करून घेतों.

परंतु ज्या प्रश्नानें आमची झोंप घालविली तो हा नव्हे. इच्छा धरणारा आणि ती पुरी करणारा हे दोघे एकच काय? ययातीची कथा सर्वांस ठाऊक आहे. शापानें अकालीं जरा आली, भोगाची तृप्ति झालेली नव्हती, म्हणून त्यानें धाकट्या पुत्राचें तारुण्य मागून घेतलें. उपभोगानें इच्छा शमत नाहीं हें दाखविण्यासाठीं ही कथा आपल्याकडे सांगतात. आम्हांस अलीकडे तींत दुसरीच गोष्ट दिसूं लागली आहे. ययाति मोठा व्यवहारज्ञ होता. वस्तु मिळून भागत नाहीं, ती इच्छिणारा देहहि मिळाला पाहिजे, हें त्यानें ओळखलें होतें. आम्हांस गाडी मिळाली; तिच्याबरोबरचा चौदा वर्षांचा मुलगा कोठून आणावा? आणि त्या मुलाला तरी ती कशासाठीं हवी होती? वेगासाठीं हवी होती हें खरेंच. परंतु त्याहून अधिक, वाड्यांतल्या दोन खोल्यांतून, परीक्षांतून, वडिलांच्या सायकलच्या कॅरिअरवरून सुटण्यासाठीं हवी होती. ती सुटका एका विमानानें केव्हांच झाली. त्या वाड्याच्या जागीं आतां सहा मजल्यांची इमारत आहे, आणि ज्यापासून सुटावयाचें तेंच आठवून आम्ही उसासे टाकतों.

ह्यावर आमचें मन एक युक्तिवाद करी. बाप वारला तरी त्याचें ऋण मुलगा फेडतो. मग आमच्यामध्यें जो एक मुलगा केव्हांच संपला, त्याला दिलेलें वचन आम्हीं कां पाळूं नये? हा युक्तिवाद मोठा गोड आहे, व खरेदीच्या दिवशीं आम्हांस तो पुरला. त्यांतील खोट पुढें ध्यानांत आली. सावकार तो, ऋणको आम्ही, आणि वसूल झालेला माल पुनः आमच्याच गॅरेजांत! उजव्या खिशांतले पैसे डाव्यांत घालून कोणी दानधर्माची पावती फाडीत नाहीं.

मालकीनें आम्हांस जें दिलें तें अगदींच निराळें. इच्छा कांहीं मागत नाहीं; वस्तु रोज मागते. हिचे दोन कार्बुरेटर एकमेकांशीं जुळवून ठेवावे लागतात. ते बिघडले कीं इंजिन ओटीवरल्या म्हाताऱ्यासारखें खोकूं लागतें. ब्रेक पुढें डिस्कचे व मागें ड्रमचे, जुन्या रीतीचे. आजच्या गाडीप्रमाणें त्यांच्यावर भार टाकून निश्चिंत राहतां येत नाहीं. हें सर्व आम्ही आनंदानें शिकलों, व त्यांत बोटें काळीं करण्याचें सुख खरें आहे. परंतु पहिल्या सहा महिन्यांत आम्हीं गाडी चालविली कमी व पुसली अधिक. ओरखडा पडेल म्हणून बाजारांत नेली नाहीं, डाग पडेल म्हणून तींत चहा नेला नाहीं. एके दिवशीं आमच्या सहा वर्षांच्या नातवानें मुरंब्यानें भरलेला हात दाराला लावला, तेव्हां आम्ही असे ओरडलों कीं तो रडत आजीकडे पळाला. त्याच संध्याकाळीं आसनाखालचा कचरा काढतांना आम्हांस खडूचा एक तुकडा सांपडला. मास्तर पन्नास वर्षें ह्या गाडींत खडूच्या हातांनीं बसले होते.

आणि आतां मुख्य गोष्ट. आमच्या सहधर्मचारिणीनें ह्या खरेदीस तत्काळ रुकार दिला होता. “अहो, इतकीं वर्षें बोलतां आहां, घ्या एकदाची,” एवढेंच ती म्हणाली होती. रडणाऱ्या नातवाला मांडीवर घेऊन त्या दिवशीं ती हळूंच कांहीं गात बसली, आणि दारांत उभ्या असलेल्या आम्हांस तिचा तंबोरा आठवला. लग्नापूर्वीं सात वर्षें ती कोल्हापुरास गाणें शिकत होती. मिरजेहून मुद्दाम करवून आणलेला तंबोरा माहेरच्या माळ्यावर ठेवून ती आमच्याबरोबर आली. ‘पुढच्या खेपेस आणूं’ असें आम्हीं दर खेपेस म्हटलें. कांहीं वर्षांनीं भोपळ्याला चीर गेल्याचें कळलें. तेव्हां ‘पाहूं’ म्हटलें. त्यानंतर तो विषय निघाला नाहीं. पैशाचा प्रश्न नव्हता; आमच्या गाडीच्या चार टायरांना जितके पडले तितक्यांत बहुधा नवा तंबोरा आला असता. मग काय नव्हतें? आमच्या इच्छेचें एक चित्र होतें, तिला नांव होतें, आंकडा होता. घरीं येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यास आम्हीं ती सांगितली होती, मुलांनीं तिच्यावरून आमची थट्टा केली होती. तिच्या इच्छेचें पान कोणत्याहि पुस्तकांत ठेवलेलें नव्हतें. जो बोलून दाखवितो त्याचेंच मागणें घराच्या हिशेबांत चढतें, आणि जो बोलत नाहीं त्याला कांहीं नकोच होतें असें सर्वजण समजून चालतात. सर्वांत आधीं तो स्वतः. मनोरथाला घोडे लागत नाहींत असें आरंभीं आम्हीं लिहिलें, तें चुकलें. आमच्या रथाला कोणी तरी ओढीत होतें. आम्ही मागें वळून बसलों होतों इतकेंच.

आम्हीं मिरजेहून नवा तंबोरा मागविण्याची गोष्ट काढली. ती म्हणाली, “आतां नको. गळा राहिला नाहीं. तुम्ही तंबोरा आणाल, आणि मी तो पुसत बसेन.”

ह्याला उत्तर आम्हांजवळ नव्हतें व आजहि नाहीं. तिचें म्हणणें ऐकून स्वस्थ बसावें, तर तिच्या समजूतदारपणाचा दुसऱ्यांदा फायदा घेतल्यासारखें होतें. न ऐकतां तंबोरा आणावा, तर तो तिच्यासाठीं नव्हे, आमच्या टोंचणीसाठीं आणल्यासारखें होतें; आणि उशिरां आलेल्या वस्तूचें काय होतें हें आम्हांस गॅरेजांत रोज दिसतेंच. ती खरोखर मोकळी झाली आहे, कीं नको म्हणण्याची संवय तिच्या अंगीं मुरली आहे, हें चाळीस वर्षांच्या सहवासानंतरहि आम्हांस सांगतां येऊं नये, ह्याची लाज वाटते.

गेल्या रविवारीं तिनें आपण होऊन गाडीची किल्ली मागितली. गिअरची गाडी तिनें वीस वर्षांत हातीं धरली नव्हती. पहिल्या वळणावरच दांते करकरले. आम्ही ओरडणार होतों, पण ओंठ मिटून बसलों. आमच्या बाजूच्या दारावर नातवाच्या बोटांचा डाग अजून पुसट दिसत होता. समुद्राच्या रस्त्याला लागल्यावर ती सैलावली, आणि कांहीं वेळानें हलक्या आवाजांत गुणगुणूं लागली. कोणता राग तो इंजिनाच्या आवाजांत ओळखूं येईना, म्हणून आम्ही तिच्या बाजूला थोडे कलून बसलों.