‘मेल जाता मां, सर’

लॅपटॉप मिटा सगळ्यांनी आणि इकडे बघा. तुमच्यातला एक जण काल छाती फुगवून मला म्हणाला, ‘मेल जाता मां, सर, आणखी काय व्हया?’ आणखी काय हवं ते आज सांगतो. ऐकून घेतल्याशिवाय कोणी घरी जायचं नाही.

काम तुम्ही चांगलं निवडलंत, हे मी नाकारत नाही. आपल्या पिंगुळी गावातली ठाकर मंडळी पिढ्यानपिढ्या चित्रकथी मांडत आली, कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्या नाचवत आली. २०२१ साली त्यांच्यातल्याच परशुराम गंगावणे यांना पद्मश्री जाहीर झाली. खेळ बघायला पुण्या-मुंबईची, गोव्याची माणसं येतात, परदेशातलीही येतात. पुढच्या खेळाचं निमंत्रण त्यांना ब्राउझरमधून धाडता यावं, असं तुम्हाला वाटलं आणि एका कलाकाराने पाहुण्यांच्या पत्त्यांची वही विश्वासाने तुमच्या हाती दिली. त्या वहीचं तुम्ही काय केलंत?

सगळे पत्ते एकाच ‘टू’च्या रकान्यात कोंबलेत. प्रत्येक पाहुण्याला बाकी सगळ्यांचे पत्ते मिळाले. ज्या बाईंनी फक्त बाहुल्यांसाठी पत्ता लिहून दिला, त्यांचा पत्ता आता अनोळखी माणसांच्या इनबॉक्समध्ये पडलाय आणि तो परत घेता येणार नाही. २०२३ साली आपल्या देशात वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदा झाला. पण कायदा राहू दे बाजूला. कोणी वही दिली तर ती जपायची असते, हे घरात शिकवलेलं कुठे गेलं? प्रत्येकाला वेगळा मेल पाठवायचा, एवढंच करायचं होतं. एका लूपचं काम.

आता पासवर्ड. मी तुमचं पान उघडलं, माउसचं उजवं बटण दाबलं, कोड बघितला. तिसऱ्याच ओळीत जीमेलचा सोळा अक्षरी अ‍ॅप पासवर्ड! त्या कलाकाराच्या खात्याचा! चामड्याच्या बाहुल्यांच्या खेळात दिवा आणि हात पडद्यामागे असतात, बघणाऱ्याला सावलीच दिसते. ब्राउझरला पडद्यामागची बाजूच नसते. तिथे जे जे पाठवाल ते ते बघणाऱ्याच्या हातात जातं. फाइलचं नाव अवघड ठेवलं, कोड एका ओळीत दाबून बसवला, तरी काही फरक पडत नाही.

आणि मेल जातो कसा, हा प्रश्न तुमच्यापैकी एकालाही पडला नाही याचं मला जास्त वाईट वाटतं. मेल पाठवण्याची भाषा एसएमटीपी. जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली ती लिहून काढली. आपण वर्गात हाताने टाइप करून बघितली होती: आधी ओळख द्यायची, मग कोणाकडून, मग कोणाला, मग मजकूर, आणि शेवटी एका ओळीत फक्त एक टिंब. वेब पानाला ही भाषा बोलता येत नाही, कारण ब्राउझर पानाला मेल सर्व्हरच्या २५ किंवा ५८७ नंबरच्या पोर्टशी थेट जोडूच देत नाही. मग तुमचा मेल गेला कसा? तुम्ही उचललेली फुकटची लायब्ररी तो पासवर्ड घेऊन तिसऱ्याच कोणाच्या सर्व्हरला देत होती आणि मेल तो पाठवत होता. कोण आहे तो? कुठे आहे? काय काय साठवून ठेवतो? दुसऱ्याच्या घराची किल्ली तुम्ही अनोळखी माणसाला दिलीत आणि वर मला सांगता, जाता मां.

मागच्या बाकावरचा, मान वर कर. तू निदान सर्व्हरवर पीएचपी लिहिलंस, पासवर्ड पानात ठेवला नाहीस, ते मी पाहिलंय. पण मेल कोणाला जायचा तो पत्ता तू फॉर्मच्या लपवलेल्या रकान्यातून घेतोस. लपवलेला म्हणजे फक्त डोळ्यांना न दिसणारा. बदलता तो कोणालाही येतो. १९९५ साली अमेरिकेत मॅट राइट नावाच्या शाळकरी मुलाने ‘फॉर्ममेल’ नावाचा असाच छोटा प्रोग्राम पर्लमध्ये लिहिला आणि सगळ्यांना फुकट वाटला. जगभरच्या वेबसाइटवाल्यांनी तो न वाचता उतरवून घेतला. त्यातही पत्ता फॉर्ममधूनच यायचा. स्पॅम करणाऱ्यांनी ते हेरलं आणि लोकांच्या सर्व्हरवरून, लोकांच्या नावाने कचरा पाठवला. तो मुलगा वाईट नव्हता, प्रोग्रामही उपयोगाचा होता. पण तो चुकला त्याला तीसेक वर्षं झाली, आणि तू आज तीच चूक करतोस, माझ्या वर्गात बसून.

शिवाय नावाच्या रकान्यात जे येईल ते तू जसंच्या तसं मेलच्या हेडरमध्ये चिकटवतोस. नावात एक नवी ओळ घुसवली आणि तिच्यापुढे ‘बीसीसी’ लिहून पत्ते दिले, की तेच निमंत्रण हवं तिकडे जाईल. रकान्यात एंटर दाबता येत नाही म्हणून तू निर्धास्त होतास ना? सर्व्हरला विनंती धाडायला तुझा फॉर्म लागतो कोणाला? तपासणी ब्राउझरमध्ये कर, जरूर कर, त्याने वापरणाऱ्याची सोय होते. राखण मात्र सर्व्हरवरच करावी लागते.

आता मला सर्वांत जास्त लागलेली गोष्ट. निमंत्रण मराठीत आहे, आणि एका पाहुण्याकडे त्याचा विषय नुसती प्रश्नचिन्हं होऊन गेला. तेव्हा तुम्ही काय केलंत? विषय इंग्रजीत लिहून मोकळे झालात! १९८२चा एसएमटीपी सात बिटांचा, रोमन अक्षरांपुरता. विषयाच्या ओळीत इतर लिपी कशी गुंडाळून पाठवायची, याचा नियम १९९२ साली ठरला. ‘पिंगुळी’ हा शब्द युनिकोडच्या सात चिन्हांचा. यूटीएफ-८मध्ये त्याचे २१ बाइट होतात, आणि बेस-६४मध्ये गुंडाळला की २८ साधी अक्षरं. ती कुठल्याही सर्व्हरमधून सुखरूप जातात. चांगली लायब्ररी हे स्वतःच करते; हाताने लिहायचं तर दोन ओळींत होतं. आपल्या गावाचं नाव आपल्या लिपीत पोहोचवायला दोन ओळींचा कंटाळा?

बटण दाबल्यावर तुमचं पान हिरव्या अक्षरांत सांगतं, ‘निमंत्रण पोहोचले’. सर्व्हरने २५० असं उत्तर दिलं म्हणजे त्याने मेल स्वीकारला, इतकंच. पुढे पत्ता चुकीचा निघू शकतो, मेल स्पॅममध्ये पडू शकतो, अर्ध्या तासाने परत येऊ शकतो. पोहोचल्याचं खोटं वाचून तो कलाकार माणसांची वाट बघत बसेल. ‘पाठवायला दिले’ असं लिहा आणि परत आलेले मेल वाचायची सोय करा.

आणि चाचणीसाठी मनाला येतील ते जीमेलचे पत्ते का टाकलेत? ते पत्ते कोणाचे तरी असतात. एक्झाम्पल डॉट कॉम हे नाव १९९९ पासून उदाहरणांसाठी राखून ठेवलेलं आहे, आणि आपल्याच मशीनवर मेल अडवून दाखवणारे सर्व्हर फुकट मिळतात.

कोड नेटवरून आणा, चॅटबॉटकडून घ्या, मी अडवणार नाही. पण त्यातल्या कुठल्याही ओळीवर बोट ठेवून मी विचारलं, ही काय करते, तर उत्तर आलं पाहिजे. काल एकाकडूनही आलं नाही. तुम्हाला येत नाही असं मी मानत नाही. तुम्ही बघितलंच नाहीत, म्हणून मी इतका चिडलोय.

आता उठा. पहिलं काम त्या कलाकाराच्या घरी जायचं, घडलं ते सरळ सांगायचं, आणि त्यांच्यासमोर बसून तो अ‍ॅप पासवर्ड रद्द करायचा. गिटवरून फाइल पुसली म्हणून भागत नाही, जुन्या नोंदींत तो तसाच राहतो. नवा पासवर्ड सर्व्हरच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये, कोडमध्ये कुठेही नाही. पत्ते सर्व्हरवर, पाठवणाऱ्याला लॉगिन, आणि दिवसाला किती मेल जातील यावर मर्यादा. साध्या जीमेल खात्याची मर्यादा ५०० आहे, तुमची त्याच्या बरीच खाली ठेवा. ज्या पाहुण्यांचे पत्ते उघडे पडले त्यांना माफीचा मेल लिहा, प्रत्येकाला वेगळा. मजकूर आधी मला दाखवायचा, विषय मराठीत.