सशाच्या केसांची हॅट

ससा आम्हा ज्यूंना खायला वर्ज्य. लेवीय पुस्तकाच्या 11व्या अध्यायात उंट, ससा आणि डुक्कर एकाच पंक्तीला बसवलेत. तरी शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या, सकाळी इस्रायलमधल्या बनेई ब्राकच्या रस्त्यांवर ज्या ऐटबाज काळ्या हॅट दिसतात, त्यांतल्या कितीतरी सशाच्या केसांच्या फेल्टच्या असतात. बोर्सालिनोचा कारखाना 1857 साली इटलीतल्या आलेस्सांद्रियात निघाला तो काही येशिवातल्या, म्हणजे आमच्या धर्मपाठशाळेतल्या, पोरांसाठी नव्हे. पण माझ्या नातवाच्या मते तसल्या हॅटशिवाय बार मित्स्वा, म्हणजे वयात येण्याचा विधी, पुरा होत नाही.

"सबा (आजोबा), रोज लोकरीची, शब्बाथला सशाची. सगळ्यांचं असंच असतं."

दुकानदारानेही त्याचीच री ओढली. लोकरीचं फेल्ट जाड, भिजलं की आकसतं, कड वाकडी होते. सशाचा केस बारीक, घट्ट बसतो, आकार सोडत नाही. हे खरंच आहे. दिमोनाच्या कापड गिरणीत उमेदीची वर्षं काढलेल्या माझ्यासारख्या माणसाला केस हाताला कळतो. (पाऊस आला की हीच मंडळी हॅटवर प्लास्टिकची पिशवी चढवून पळतात, ते सोडा.)

मला अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. प्रार्थनेच्या वेळी बांधायच्या तेफिलीनचं चामडं खायला चालणाऱ्या जातीच्याच जनावराचं लागतं. आठवडाभर ते कपाळावर बांधायचं आणि शब्बाथला त्याच डोक्यावर ससा बसवायचा! यावर कुणी रब्बी हरकत घेत नाही. उलट संशय लोकरीवर. अनुवाद या पुस्तकाच्या 22व्या अध्यायात लोकर आणि लिनन एकत्र घालू नये अशी आज्ञा आहे, तेच शातनेज. धर्मशास्त्र सांगतं की इथे लोकर म्हणजे फक्त मेंढीची. उंटाचे वा सशाचे केस त्यात येत नाहीत. आणि फेल्ट विणलेलं नसलं तरी दाबून एकजीव केलेलं, म्हणून त्यालाही बंदी लागू. तेव्हा शुद्ध मेंढीची हॅट घेतली, तर तिच्या अस्तरात लिननचा धागा नाही ना, हे सूक्ष्मदर्शकाखाली बघून घ्यायचं. अशुद्ध सशाच्या फेल्टला मात्र ही धास्ती नाही.

लहानपणी याच्या उलट पाहिलंय. पेणला आमच्या शेजारच्या काकू धाबळी नेसून स्वयंपाक करायच्या. सुती लुगडं धुऊन वाळवल्याशिवाय सोवळ्यात चालत नसे. लोकरीची धाबळी न धुताही सोवळीच. एका भिंतीच्या अल्याड लोकर निर्धास्त, पल्याड तिचीच झडती. मेंढीला यातलं काहीच ठाऊक नसतं. शुद्धता केसात असती, तर दोन्ही घरांत तिचा एकच निकाल लागला असता. मला वाटतं, ती आज्ञेत असते, आणि शातनेजची आज्ञा तर रब्बींनीच 'कारण विचारू नका' या वर्गात टाकलेली. तालमूद या धर्मग्रंथात नरेश गावच्या कडक नमद्याला मात्र सूट आहे: तो कडक, अंगाला ऊब देत नाही, म्हणून चालतो. धर्मशास्त्राची ही बारीक नजर मला फार आवडते. वस्तू कुठून आली यापेक्षा ती अंगावर काय करते, हे ते बघतं.

किमतीबद्दल मात्र ते गप्प आहे. शब्बाथचा कपडा रोजच्यासारखा नसावा, असं म्हटलंय. आमच्या आजोबांच्या दोन काळ्या टोप्या होत्या, एकाच दुकानातल्या, एकाच भावाच्या. एक फक्त शनिवारी मशिदीत घालायची. सिनेगॉगला आम्ही बेने इस्रायल मशीदच म्हणायचो. वेगळेपण तेवढ्यानेही पाळलं जात होतं. लोकरीची पायरी खालची आणि सशाची वरची, हा जिना माणसांनी बांधलाय.

तरी पोरावर मी चिडलो नाही. दहा पुरुष जमल्याशिवाय आमची सामुदायिक प्रार्थना उभी राहत नाही. देवाने शेजारचा माणूस सक्तीचा केला, तर शेजाऱ्याची हॅटही डोळ्यांत भरणारच. वाद झाला तो माझ्या मुलाशी. तो म्हणाला, "चांगली हॅट म्हणजे देवाचा जास्त मान." मी म्हटलं, "मान असेल, पण जास्त हे तू कशावरून मोजलंस?"

शेवटी मी सशाची एकच घेऊन दिली. लोकरीची घेतली नाही; रोज डोकं झाकायला किप्पा, म्हणजे छोटी गोल टोपी, आहेच. मुलाचं म्हणणं, येशिवात रोजच्या प्रार्थनेला बाकीच्यांच्या डोक्यावर हॅट असताना पोराने नुसत्या किप्पावर उभं राहायचं का? त्यावर आमचं अजून चाललंय.