देवाची तरतूद आणि आमची कुदळ

मत्तयाच्या सहाव्या अध्यायावर उपदेश झाला, म्हणजे ऐकणारांच्या मनांत एक प्रश्न बहुधा राहून जातो. पांखरांना पेरणी नाहीं, कोठार नाहीं, तरी परमपिता त्यांना पोसतो, हें खरें. परंतु पांखरांना सोसायटीचा हप्ता नसतो, आणि पाणी आटलें तर तीं दुसऱ्या शिवारांत उडून जातात. कवठे महांकाळच्या माळावर ज्याचें घर व दोन एकर जमीन आहे, त्यानें कोठें उडून जावें? हा प्रश्न अविश्वासाचा आहे असें म्हणून कोणाचें तोंड बंद करूं नये. तो कोरड्या विहिरीच्या कांठीं उत्पन्न होतो; त्याचें उत्तरहि तेथेंच शोधलें पाहिजे.

हा मुलूख पर्जन्यछायेंतला. पश्चिमेचे ढग सह्याद्रीवर रिते होतात व येथें येईपर्यंत त्यांत थोडेंच उरतें. सन २०१९ च्या आगस्टांत कृष्णामाईला महापूर येऊन सांगली शहरांतील लोकांना होड्यांतून बाहेर काढावें लागलें. आणि त्याच दिवसांत जिल्ह्याच्या पूर्वेकडील दुष्काळी गांवांत पिण्याचें पाणी टँकरनें येत होतें. एकीकडे बुडण्याची भीति, दुसरीकडे घागरींची रांग! देवानें पाणी कमी दिलें असें येथें म्हणतां येईल काय? दिलेलें पाणी सर्वांपर्यंत पोंचलें नाहीं, असें म्हणणें अधिक खरें होईल. म्हैसाळ येथें कृष्णेचें पाणी पंपांनीं टप्प्याटप्प्यानें उचलून कालव्यांनीं मिरज, कवठे महांकाळ व जत या तालुक्यांकडे नेण्यांत आलें आहे. ज्या रानांत कुसळें उगवत, तेथें द्राक्षांचे मळे झाले. परंतु वीजबिलाची थकबाकी राहिल्यामुळें पंप बंद पडल्याचे प्रसंगहि आले. नदी देवाची, पण पाणी चढावर नेण्याचें व त्याचा वांटा प्रामाणिकपणें चुकता करण्याचें काम त्यानें माणसांच्या हातीं ठेविलें आहे. रानांत मान्ना पडे तोहि लोकांच्या तोंडांत पडत नसे. रोज पहांटे उठून तो वेंचावा लागे.

भरंवसा आणि श्रम यांचें वैर नाहीं, हें पंडिता रमाबाईंच्या चरित्रावरून दिसतें. त्यांचे आईबाप व वडील बहीण दुष्काळांत उपासमारीनें गेलीं होतीं. म्हणून भूक म्हणजे काय हें त्यांना कोणी सांगावयास नको होतें. सन १८९६-९७ च्या दुष्काळांत त्यांनीं मध्यप्रांतांतून निराधार मुली केडगांवास आणिल्या. त्यांच्या अन्नासाठीं त्या देवाजवळ मागत. पण त्याच वेळीं तेथें विहिरी खणल्या गेल्या, शेती चालली, विणकाम व छपाई मुलींना शिकविली गेली. प्रार्थनेसाठीं टेकलेले गुडघे आणि विहिरीवर चालणारी कुदळ हीं एकाच घरचीं होतीं.

आतां एक अवघड गोष्ट. आमच्या भागांत फाल्गुन-चैत्रांत शेडमध्यें बेदाणा वाळत असतो. अशा वेळीं पाऊस आला तर वर्षाचें उत्पन्न काळें पडतें. त्याच वेळीं शेजारचा गुराखी, ज्याच्या जनावरांना ना चारा ना पाणी, वळवाची वाट पाहतो. दोघेहि एकाच मंडळीचे सभासद असले, तर रविवारीं एकानें आभाळ निरभ्र मागावें व दुसऱ्यानें ढग मागावे, असें होतें. देवानें कोणाचें ऐकावें? आम्हांस असें वाटतें कीं, प्रभूनें भाकर मागावयास शिकविलें तेव्हां ती एकट्यासाठीं मागावयास शिकविलें नाहीं. आपणां सर्वांची भाकर मागावयास शिकविलें. म्हणून पाऊस आल्यास गुराख्यानें आभार मानून आधीं शेजाऱ्याच्या शेडवर ताडपत्री ओढावयास धांवावें. आणि न आल्यास बेदाणेवाल्यानें आपल्या बोअरचें पाणी त्याच्या जनावरांना पाजावें. असें घडेल तर दोघांचीहि प्रार्थना ऐकली गेली, असें म्हणतां येईल.

तथापि कोणी म्हणेल, "आम्हीं मागितलें, कष्टहि केले, तरी मिळालें नाहीं." त्यास खोटें ठरविण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. सन १९७२ च्या दुष्काळांत ज्यांनीं खडी फोडली, सुकडी व परदेशांतून आलेली लाल मिलो खाऊन दिवस काढले, त्यांत प्रार्थना करणारेहि होते. पौलासहि उपाशी राहण्याचे प्रसंग आले, हें तो स्वतः लिहितो. देवावर भरंवसा ठेवणाराचा डबा कधींच रिकामा होत नाहीं, असें जो उपदेशक शिकवितो, तो दरिद्री बंधूच्या भुकेवर अविश्वासाचा आरोपहि लादतो. डबा रिकामा असतांहि बाप जवळ आहे, हें जाणणें म्हणजे भरंवसा. तो ओळखावयाचा तर मनुष्य भीतीपोटीं काय करीत नाहीं, हें पाहावें. टंचाई आली तरी जो मापांत मारीत नाहीं, रात्रीं कालव्याचें दार फिरवून शेजाऱ्याची पाळी चोरीत नाहीं, पोराची शाळा सोडवून त्याला मजुरीस जुंपीत नाहीं, त्यानें मत्तयाचा सहावा अध्याय समजून घेतला आहे. चिंता मनुष्याला प्रथम कंजूष करिते, मग लबाड करिते. आणि म्हणूनच प्रभूनें तिच्याविषयीं इतक्या कळकळीनें सांगितलें, असें आम्हांस वाटतें.

तेव्हां उपदेशक बंधूंना आमची नम्र विनंति आहे. पुढच्या वेळीं पांखरांवर बोलण्यापूर्वीं मंडळींतील सर्वांत गरीब घरीं जाऊन बसावें, व चूल पेटली आहे कीं नाहीं हें पाहावें. पेटली नसेल, तर आधीं पीठ न्यावें आणि मग शास्त्र उघडावें. त्या घरासाठीं देवानें केलेली तरतूद कदाचित् आपल्याच कणगींत असेल.