घर सांभाळून

कोल्हापुरात कुणी गेलं की दुपारपर्यंत चौकात फलक लागतो. तालमीच्या कोपऱ्यावर हार घातलेला फोटो, खाली नाव आणि नावाखाली ठरलेले शब्द: मनमिळाऊ, कुटुंबवत्सल, समाजसेवक. मातीला आलेल्यांच्या तोंडीही तेच असतं, ‘घर सांभाळून सगळं केलं त्यानं.’ हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतो आहे. ते सहज तोंडी येण्याआधी किती पिढ्या खपल्या, हे मात्र फार उशिरा ध्यानात आलं.

मोठं व्हायचं तर घर सोडायला हवं, हा आपल्याकडचा जुना समज. संन्यासी तो मोठा, संसारी तो अडकलेला. पैठणच्या एकनाथांनी बायकामुलांत राहून संतपण निभावलं आणि या समजाला धक्का बसला. तरी त्या संतपणाचा गाभा भक्तीचा होता. चारचौघांच्या कामासाठी स्वतःचं घरच वापरायचं, ही पायरी जोतीराव-सावित्रीबाई फुल्यांनी चढली. 1863 साली त्यांनी फसवल्या गेलेल्या विधवांच्या बाळंतपणासाठी आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. तिथं आलेल्या काशीबाईचा मुलगा दत्तक घेतला. तोच यशवंत पुढं डॉक्टर झाला. 1897 च्या प्लेगात रुग्णांना त्याच्या दवाखान्यात पोचवता पोचवता सावित्रीबाईंना लागण झाली आणि त्या गेल्या. यात घर कुठं संपलं आणि समाजकार्य कुठं सुरू झालं, ते सांगता येत नाही.

हा विचार आमच्या मातीत रुजला तो बोर्डिंगांमुळं. शाहू महाराजांनी 1901 पासून जातीजातींच्या पोरांसाठी वसतिगृहं उभी केली. खेड्यातल्या मुलाला शहरात दुसरं घर मिळालं. ते पाहत कोल्हापुरात शिकलेले कुंभोजचे भाऊराव पाटील पुढं साताऱ्यात गेले आणि सगळ्या जातींची मुलं त्यांनी एका पंगतीला बसवली. धान्य संपलं की त्यांची पत्नी लक्ष्मीबाई अंगावरचा एकेक दागिना काढून देत. शेवटी मंगळसूत्रही मोडलं. नवरा हयात असताना, त्या काळात, बाईनं गळा मोकळा करून परक्यांच्या पोरांना जेवू घातलं. 1930 साली त्या गेल्या.

लक्ष्मीबाईंचा विचार केला की मातीला आलेल्यांच्या तोंडचं ते वाक्य मला टोचतं. ‘घर सांभाळून’ असं आपण पुरुषाबद्दल म्हणतो, तेव्हा घर सांभाळत कोण होतं? सभेहून रात्री उशिरा आलेल्या कार्यकर्त्याचं ताट झाकून ठेवून जागणारी बाई फलकावर नसते. तिच्या श्रमाचं मोल आपण त्याच्या नावावर जमा केलं. हा अन्याय आहे आणि तो चांगल्या घरांतूनही झाला.

म्हणून मला गोविंद पानसरे आठवतात. नगर जिल्ह्यातल्या कोल्हारचा हा गरीब घरातला मुलगा शिकायला कोल्हापुरात आला. वर्तमानपत्रं विकली, शिपायाचं काम केलं, शिक्षक झाला, मग वकील. कामगार, फेरीवाले, मोलकरणी यांच्या संघटना त्यांनी बांधल्या. दुसऱ्यांच्या घरी भांडी घासणारी बाईही कामगारच आहे, हे या शहराला त्यांनी समजावलं. घरातल्या कामाला काम म्हणणं, ही मला भाऊरावांच्या पुढची पायरी वाटते.

2003 साली पानसऱ्यांचा तरुण मुलगा अवि गेला. तोही चळवळीतलाच. बापाच्या दुःखाला माप नसतं. आपण वर्षश्राद्ध घालतो; पानसऱ्यांनी आणि सोबत्यांनी अविच्या नावानं व्याख्यानमाला सुरू केली आणि दर वर्षी गावाला ऐकायला बोलावलं. शाहू स्मारकात खुर्च्या भरल्यावर लोक पायऱ्यांवर बसत, भिंतीला टेकून उभे राहत. कुटुंबवत्सल या शब्दाचा अर्थ मला पुस्तकात सापडला नव्हता, तो तिथं समजला.

16 फेब्रुवारी 2015 च्या सकाळी पानसरे फिरायला गेले होते. सोबत पत्नी उमाताई होत्या. घराजवळ दोघांवर गोळ्या झाडल्या. 20 तारखेला पानसरे गेले, उमाताई वाचल्या. सून मेघा, शिवाजी विद्यापीठात रशियन शिकवणाऱ्या, न्यायासाठी उभ्या राहिल्या. आणि दर महिन्याच्या 20 तारखेला कोल्हापूरची माणसं पहाटे ‘निर्भय मॉर्निंग वॉक’ला निघू लागली. ज्या घरावर घाव घातला, त्या घराची सकाळची सवय गावानं आपली केली.

सगळ्यांना पानसरे होता येणार नाही. पण चौकातल्या त्या फलकावरच्या साध्या माणसांनी या शहरात काही गोष्टी रुजवल्या आहेत. पंचगंगेच्या स्मशानात महापालिका अंत्यसंस्काराचे पैसे कुणाकडूनही घेत नाही. ही सोय टिकायला लोकही हात लावतात. होळीच्या दिवसांत तरुण मंडळं, पेठा, शेजारपाजारची बायामाणसं चितेसाठी शेणी, म्हणजे गोवऱ्या, गोळा करून तिथं नेऊन देतात. हातानं थापलेली, भिंतीवर वाळवलेली, बोटांचे ठसे उमटलेली ती शेणी कुणाच्या चितेत जाणार, हे देणाऱ्याला कधीच कळत नाही.

येत्या होळीला दारापुढची होळी लहान करा आणि वाचलेल्या शेणी पंचगंगेवर पोचवा. जाताना घरातल्या सगळ्यांना बरोबर घेऊन जा.