अन्न, पाणी आणि शील

मनुष्याच्या शीलाचा विचार करताना आपण त्याच्या पोटाचा विचार सहसा करीत नाही. क्रोध, आळस, विस्मृती हे मनाचे दोष. ते निग्रहाने जिंकावयाचे असतात, आणि ज्यास ते जिंकता येत नाहीत तो तितक्या अंशाने हलका मनुष्य, असे आपण गृहीत धरतो. उलट, सकाळच्या चहास उशीर झाल्यामुळे घरातील कर्त्या पुरुषाचा पारा चढला, तर ‘अजून चहा झालेला नाही’ एवढ्या सबबीवर आपण त्यास तत्काळ क्षमा करतो. म्हणजे अन्नपाण्याचा स्वभावाशी संबंध आहे हे आपण जाणतो. ही जाणीव कोणाच्या बाबतीत वापरावयाची, ते मात्र आपल्या सोयीने ठरवितो. हा पक्षपात न्याय्य आहे काय?

प्रश्न नवा नाही. छांदोग्योपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक आरुणी आपल्या मुलास मन अन्नाचे बनले आहे आणि प्राण पाण्याचा, असे सांगतो व तेवढ्यावर न थांबता त्याचा प्रयोग करवितो. श्वेतकेतू बारा वर्षे गुरुगृही शिकून, विद्येच्या तोऱ्यात परत आलेला. बाप त्यास पंधरा दिवस अन्न वर्ज्य करावयास लावतो. पाणी मात्र हवे तितके पिण्याची मोकळीक देतो, कारण पाण्यावाचून प्राणच टिकावयाचा नाही. त्यानंतर वेद म्हणावयास सांगताच त्या पंडितास काहीही आठवत नाही. बाप त्यास मंदबुद्धी म्हणत नाही. ‘जेवून ये’ म्हणतो. जेवल्यावर विचारावे ते त्यास आठवते. विद्या गेली नव्हती. तिला आधार देणारे इंधन तेवढे संपले होते.

अर्वाचीन शास्त्राने हाच प्रयोग अधिक काटेकोरपणे केला. १९४४-४५ साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी छत्तीस तरुणांस सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले. हे तरुण तत्त्वासाठी शस्त्र धरण्याचे नाकारणारे होते आणि युद्धाने उपाशी पडलेल्या लोकांस पुन्हा अन्नावर कसे आणावे हे कळावे म्हणून स्वेच्छेने आलेले होते. अशी माणसे चिडखोर झाली, उदास झाली, एकलकोंडी झाली. त्यांच्या मनात अन्नावाचून दुसरा विषय राहिला नाही. लक्ष लागत नाही अशी त्यांची तक्रार असे. पण बुद्धीच्या परीक्षांत मात्र फारशी घट दिसली नाही. अर्थात भूक प्रथम बुद्धीस नव्हे, तर सौजन्यास आणि उत्साहास खाते. आणि आपण शील म्हणून ज्याची किंमत करतो, त्याचा मोठा भाग तोच आहे. पाण्याचेही तसेच. शरीराच्या वजनाच्या दोन टक्क्यांहून अधिक पाणी घामावाटे गेले, तर अवधान ढळू लागते.

यावर कोणी म्हणेल, मग तपाचे काय? १९३२ च्या सप्टेंबरात येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी उपोषण केले, तेव्हा त्यांचा निश्चय शरीराबरोबर खचला नाही. हे खरे आहे, आणि म्हणूनच मनुष्य हा निव्वळ पोटाचा दास नव्हे असे मी मानतो. परंतु मिनेसोटाच्या बहुतेक तरुणांचाही निश्चय टिकला; टिकला नाही तो त्यांचा गोडवा. निश्चयाची किंमत शरीर कोठून तरी वसूल करतेच. शिवाय तप हे स्वतः करावयाचे असते. दुसऱ्याकडून करवून घेतलेल्या तपास जुलूम हेच नाव शोभते.

आता आपल्या जवळचे उदाहरण घेऊ. ठाण्याहून खाडी ओलांडली की भिवंडी तालुक्यातील कशेळी लागते. कनकादित्याची कशेळी ती राजापूर तालुक्यातील, ही गोदामांची. मुंबईच्या जकातीबाहेर माल साठविण्याच्या सोयीने या पट्ट्यात गोदामे वाढली. २०१७ साली ती जकात गेली, गोदामे राहिली. मे महिन्यात पत्र्याखाली पोती आणि खोकी वाहणाऱ्या हमालाचा घाम खाडीच्या दमट हवेत लवकर सुकत नाही, म्हणून अंगही निवत नाही. याच तालुक्यातून मुंबईस पाणी नेणारे मोठमोठे नळ गेले आहेत. अशा ठिकाणी दुपारी तीनच्या सुमारास कोणी हमाल मोजणीत चुकला अथवा मुकादमावर खेकसला, तर त्याचा स्वभाव तपासण्यापूर्वी पाण्याचा माठ तपासावा. १९४८ च्या कारखाने कायद्याने पिण्याच्या पाण्याची तरतूद केली आणि सलग पाच तासांच्या आत अर्धा तास विश्रांती ठरवून दिली. तीत दया नव्हती, मनुष्याच्या घडणीचे ज्ञान होते.

पण गोदामापर्यंत जाण्याचेही कारण नाही. आपल्या घरात सर्वांची पाने उठल्यावर उरलेसुरले वाढून घेणारी गृहिणी असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातील पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांच्या अंगी रक्त कमी आढळले. पंडुरोगाने थकवा येतो, मन लागत नाही, कामाचा हुरूप जातो. अशा स्त्रीस आपण ‘हल्ली फार किरकिर करते’ असे म्हणतो, आणि तेही तिच्याच हातचे जेवून.

यावरून कोणाचाच दोष कोणासही लागत नाही असा निष्कर्ष काढणे चूक होईल. जबाबदारी नाहीशी होत नाही. ती भुकेल्याकडून तृप्ताकडे सरकते. जो वेळेवर जेवला, ज्याने पोटभर पाणी प्याले, त्याच्या क्रोधास सबब कमी आणि त्याचे कर्तव्य अधिक. दुसऱ्याच्या शीलाचा निवाडा करण्याचा अधिकार ज्यास हवा, त्याने आधी त्या मनुष्यास उद्दालकाप्रमाणे ‘जेवून ये’ म्हणावे, आणि तो जेवून येईपर्यंत निवाडा राखून ठेवावा.