मागून घेतलेली दाद

माझ्या लिहिण्याच्या टेबलाच्या खालच्या खणांत एक प्रशस्तिपत्र पडलेलें आहे. तें आलें संगणकावरून. छापून घेण्याचा उत्साह माझा. त्यावर माझें नांव, नांवाखालीं 'द्वितीय क्रमांक' हे शब्द आणि कोपऱ्यांत तंबोऱ्याचें एक चित्र आहे. खण उघडतांना तें हाताला लागलें कीं मी तें आणखी थोडें आंत सारतों. एवढ्याशा बक्षिसाची लाज वाटावी असें त्यांत काय आहे, तें सांगण्यासाठीं हा लेख लिहीत आहें. ज्या वाचकांनीं अलीकडे कोणत्याहि कारणासाठीं कोणाला तरी 'एवढा अंगठा दाबा' म्हणून विनविलें असेल, त्यांना तो अगदींच परका वाटूं नये.

गोष्ट २०२० सालच्या टाळेबंदींतली. कॉलेज बंद होतें आणि वर्ग मोबाईलच्या पडद्यावर भरत होते. अशा दिवसांत एका संगीतप्रेमी मंडळानें पन्नाशी उलटलेल्या हौशी गायकांसाठीं नाट्यगीतांची ऑनलाइन स्पर्धा जाहीर केली. चार मिनिटांचें पद, साथीला तंबोरा आणि फार तर पेटी. चित्रण आपलें आपणच करून पाठवावयाचें. निम्मे गुण दोन परीक्षकांच्या हातीं. उरलेले निम्मे श्रोत्यांच्या पसंतीचे, म्हणजे सात दिवसांत त्या चित्रफितीखालीं जितके अंगठे उमटतील त्या प्रमाणांत. तरुणपणीं सहा वर्षें मी गाणें शिकलों होतों. पुढें तत्त्वज्ञान शिकविण्याच्या व्यवसायांत तें मागें पडलें. मीं 'सौभद्रा'तलें एक पद निवडलें. पंखा बंद, खिडकी बंद, कुकरची शिटी मध्येंच होऊं नये म्हणून स्वयंपाक अर्धा तास लांबणीवर, अशा बंदोबस्तांत तें सतरा वेळां म्हटलें आणि सतराव्यांदा जें उतरलें तें पाठवून दिलें. त्या चार दिवसांचा आनंद निर्भेळ होता. तीस वर्षांनीं स्वर पुन्हा अंगावर आला होता, आणि तो ऐकणारें कोणी असो वा नसो, त्याची मला पर्वा नव्हती.

ती पर्वा निर्माण केली आंकड्यानें. दोन दिवसांत माझ्या पदाखालीं एकोणीस अंगठे उमटले. शेजारीं एका गृहस्थाच्या पदाखालीं दोनशेंहून अधिक. पत्नी म्हणाली, "अहो, गाणं पाठवलंत ना? मग आतां झालं कीं." पण मी तासातासानें तो आंकडा पाहूं लागलों होतों. तिसऱ्या दिवशीं संध्याकाळीं मीं एक नम्र मजकूर तयार केला आणि तो नातेवाईकांना, सहकाऱ्यांना, तृतीय वर्षाच्या वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर आणि शेवटीं माझ्या हाताखालीं पीएच्. डी. करणाऱ्या चौघांना स्वतंत्रपणें पाठविला. 'घरच्या मंडळींनाहि सांगावें' ही ओळ मागाहून सुचली. त्या ओळीचें मला त्या वेळीं कौतुकच वाटलें होतें.

निकाल लागला तेव्हां माझ्या पदरांत चारशें बारा अंगठे होते आणि त्यांच्या बळावर दुसरा क्रमांक होता. आयोजकांनीं प्रामाणिकपणें सगळा तक्ता प्रसिद्ध केला. परीक्षकांच्या गुणांत मी सहावा होतों. पहिल्या होत्या एका लहान गांवच्या बाई. त्यांच्या पदाखालीं अंगठे अवघे अडतीस, आणि एकूण क्रमांक पांचवा. त्यांचें पद मीं त्या दिवशीं प्रथमच ऐकलें. ऐकून झाल्यावर घरांत कोणाशींहि न बोलतां गच्चीवर जाऊन बसलों, एवढें आठवतें.

मनुष्य स्वतःचा वकील म्हणून फार हुशार असतो. गच्चीवरून खालीं येईपर्यंत माझा युक्तिवाद तयार होता. कलावंतानें रसिकांपुढें पदर पसरणें कांहीं आजचें नाहीं. आपल्याकडे नाटकाचा आरंभच मुळीं सूत्रधाराच्या विनवणीनें होतो. 'मालविकाग्निमित्रा'च्या प्रस्तावनेंत कालिदास, नवें म्हणून काव्य टाकूं नका, अशी रसिकांची समजूत घालतोच कीं. दुसरें असें, कीं मत मागणें हा अपराध असेल तर लोकशाहीच अपराधी ठरेल. उमेदवार दारोदार हिंडतो आणि आपण त्याला हंसत नाहीं. आणि तिसरें, सगळेच मागत होते. हा तिसरा मुद्दा मी विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकेंत वाचला असता तर त्याखालीं लाल रेघ ओढली असती; तेव्हां तो सोडून देतों.

स्पर्धा म्हटली कीं निवाड्यांत कांहीं तरी भेसळ यावयाचीच, असाहि एक दिलासा मीं इतिहासांत शोधून पाहिला. ज्या 'मालविकाग्निमित्रा'चा आतां आधार घेतला, त्याच नाटकांत गणदास आणि हरदत्त या दोन नाट्याचार्यांची स्पर्धा आहे. ती जुळवून आणली जाते ती कलेसाठीं नव्हे, तर राजाला मालविकेचें दर्शन व्हावें म्हणून! गणदासाची शिष्या मालविका नृत्य करते, मध्यान्हीची वेळ होते, विदूषकाला जेवण आठवतें आणि हरदत्ताचा प्रयोग उद्यांवर ढकलला जातो. तो रंगभूमीवर आपल्याला दिसतच नाहीं. पुढच्या अंकांत दासींच्या बोलण्यांतून निकाल तेवढा कानीं येतो, आणि तो गणदासाच्या बाजूचा असतो. बिचाऱ्या हरदत्ताविषयीं मला अलीकडे फार सहानुभूति वाटूं लागली आहे. अथेन्सच्या नाट्यस्पर्धांत परीक्षक चिठ्ठ्या टाकून निवडीत. तरीहि सोफोक्लीझचा 'ईडिपस' ज्या वर्षीं रंगभूमीवर आला त्या वर्षीं पहिला मान दुसऱ्याच कवीला मिळाला, असें प्राचीन टीकाकार सांगतात. आणि युरोपांत १९५६ सालीं लुगानो येथें देशादेशांच्या गाण्यांची जी स्पर्धा सुरू झाली, तींत पहिल्या वर्षीं स्वदेशाच्या गाण्याला मत देण्याची मुभा होती. ती पुढच्याच वर्षीं काढून घ्यावी लागली. देशाला असा नियमानें बांध घालतां येतो. ओळखीपाळखीला तो कोठें घालावयाचा, हें मात्र अद्याप कोणाला साधलेलें दिसत नाहीं.

पण हा दिलासा टिकला नाहीं. 'लॉज' या संवादांत प्लेटोनें तक्रार केली आहे कीं, इटलींत आणि सिसिलींत नाटकांचा निवाडा प्रेक्षकांच्या हात वर करण्यावर सोपविला जातो, आणि त्यामुळें कवि व प्रेक्षक दोघेहि बिघडतात. परीक्षकानें प्रेक्षकांचा गुरु म्हणून बसावें, शिष्य म्हणून नव्हे. पंचवीस वर्षें हा उतारा मीं वर्गांत मोठ्या आवेशानें शिकविला. माझ्याच प्रकरणाला तो लावूं गेलों तेव्हां मात्र लक्षांत आलें कीं तो नेमका बसत नाहीं. सिसिलींतला तो अडाणी म्हणून हिणविला गेलेला प्रेक्षक कांहीं झालें तरी नाटक बघून हात वर करीत होता. आपल्याकडचीच साक्ष काढावयाची तर जुलै १९२१ मध्यें मुंबईस टिळक स्वराज्य फंडासाठीं झालेला संयुक्त 'मानापमाना'चा प्रयोग घ्या. बालगंधर्वांची भामिनी आणि केशवराव भोसल्यांचा धैर्यधर! प्रेक्षकांत दोघांचेहि कट्टर पक्षपाती असणारच. परंतु पक्षपात्यालासुद्धां आधीं ऐकावें लागतें. न ऐकलेल्या पदाला 'वन्स मोअर' देण्याची सोय त्या नाट्यगृहांत नव्हती. तेव्हां बहुजनांनीं निवाडा केला, हें माझ्या बक्षिसांतलें व्यंग नव्हे. निवाडा झालाच नाहीं, हें व्यंग आहे.

आणि येथेंच माझा निवडणुकीचा दाखलाहि कोसळला. उमेदवाराला दिलेलें मत ही एक इच्छा असते: या माणसानें हें काम करावें, असें मला वाटतें. इच्छा कोणाच्या विनंतीवरून बदलली, स्नेहापोटीं बदलली, तरी ती माझीच इच्छा असते. गाण्याखालीं उमटलेला अंगठा ही इच्छा नव्हे; ती साक्ष आहे. 'मीं हें ऐकलें आणि मला तें आवडलें,' एवढी दोन विधानें त्या एका खुणेंत असतात. आपल्या नैयायिकांनीं शब्दाला प्रमाण मानलें तें आप्ताच्या शब्दाला. आणि वात्स्यायनाच्या मतें आप्त तो, ज्यानें वस्तु प्रत्यक्ष जाणली आहे आणि जी जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याला इच्छा आहे. माझ्या चारशें बारा आप्तांपैकीं किती जण या व्याख्येंत बसत होते? साक्षीदाराला 'न्यायालयांत या' म्हणणें निराळें, आणि 'माझ्या बाजूनें बोला' म्हणणें निराळें. सूत्रधार पहिलें म्हणतो. मीं दुसरें म्हटलें होतें. आणि पहिलें म्हणावयास विसरलों होतों. माझा तो मजकूर मोबाईलमध्यें अजून आहे. त्यांत 'ऐका' हा शब्द नाहीं.

येथपर्यंत सारा विचारच होता, आणि विचारानें मनुष्य फारसा लाजत नाहीं. लाज वाटली ती २०२१ च्या अखेरीस, एका दुपारीं.

माझी एक संशोधक विद्यार्थिनी प्रबंधाचें तिसरें प्रकरण घेऊन आली होती. बोलण्याच्या ओघांत संगीताचा विषय निघाला आणि ती म्हणाली, "सर, तुमचं ते पद फार छान झालं होतं." मीं सहज विचारलें, "कोणती जागा आवडली?" ती गप्प झाली. मग खालीं पाहून म्हणाली, "खरं सांगूं का सर? ऐकायचं राहूनच गेलं. बाबा त्या आठवड्यांत कोविड वॉर्डांत होते. बाहेर बसायला लागायचं दिवसभर. तिथंच तुमचा मेसेज आला. मीं लगेच लाइक केलं, सर. मामाकडच्या सगळ्यांना पण करायला लावलं."

आपल्याकडून कांहीं चुकलें, अशा सुरांत ती हें सांगत होती.

मी कोण, हें वाचकांनीं येथें ध्यानांत घ्यावें. पेपर तपासण्याच्या दिवसांत एका जवळच्या आप्तानें मुलाच्या गुणांसाठीं शब्द टाकला, तेव्हां त्याला चहासुद्धां न विचारतां वाटेला लावणारा मी. गुण मागून मिळवावयाचे नसतात, हें माझें वाक्य विद्यार्थ्यांत थट्टेचा विषय झालेलें होतें. तोच मी, ज्या मुलीच्या प्रबंधावर माझी सही व्हावयाची होती, तिच्यापाशीं गुण मागत होतों. आणि तो आप्त मला निदान नाहीं म्हणण्याची मोकळीक देऊन आला होता. तिला ती मोकळीक नव्हती. जेथें नकार देतां येत नाहीं तेथें होकाराला काय अर्थ उरतो? ॲडम स्मिथनें १७५९ च्या आपल्या ग्रंथांत स्तुतीची हांव आणि स्तुतीस पात्र होण्याची हांव असा भेद केला आहे. तो मी दर वर्षीं फळ्यावर दोन खाने पाडून समजावून देतों. मला त्यांत तिसरा खाना असावा असें आतां वाटतें: जो धनको आहे, त्यानें ऋणकोकडून वसूल केलेली स्तुति. तिला स्तुति तरी कां म्हणावें?

तिची क्षमा मागावी, हें उघडच होतें. पण मागणार कशी? "माझी चूक झाली," असें मीं त्याच खुर्चींत बसून म्हटलें असतें तर ती घाईघाईनें म्हणाली असती, "नाहीं सर, त्यांत काय एवढं!" आणि आणखी एक अंगठा माझ्या खात्यावर जमा झाला असता. सहीची जरूर आहे तोंवर तिची क्षमा ही तिच्या पसंतीइतकीच पोकळ ठरणार होती. म्हणून मीं कांहींच केलें नाहीं. हें शहाणपण होतें कीं भित्रेपणा, याचा निर्णय मला करतां आलेला नाहीं, दोन्ही असावींत.

मधल्या काळांत एक गोष्ट झाली तीहि सांगून टाकतों. आमच्या शेजारीं पोस्टांतून निवृत्त झालेले एक वृद्ध गृहस्थ राहतात. आम्ही त्यांना अण्णा म्हणतों. त्यांनीं अंगठा दाबला नव्हता, आणि स्पर्धेच्या दिवसांत मीं तें मनांत धरलें होतें. एकदां जिन्यांत भेटले तेव्हां होऊन म्हणाले, "प्रोफेसर, तुमचं पद तीनदां ऐकलं मीं. अंतऱ्यांत श्वास तोकडा पडतोय, आणि गंधार चढतोय. दाणेदार तान घेण्याचा नाद सोडा, तुमच्या गळ्याची ती नाहीं. पण मुखडा मात्र... मुखडा बरा आहे हो." मीं घरीं येऊन ऐकून पाहिलें. गंधार चढत होता. चारशें बारांत मला जें मिळालें नव्हतें तें जिन्यांत मिळालें. खोटें कशाला बोलूं, त्या दिवशीं मला रागच आला होता. 'बरा आहे' या शब्दांतला गोडवा कळावयाला पुढें बरेच दिवस गेले.

ती मुलगी २०२३ मध्यें डॉक्टर झाली आणि पेढे घेऊन घरीं आली. वडील बरे होते; त्यांनीं शेतांतल्या शेंगा पाठविल्या होत्या. चहा झाल्यावर मीं तिला सर्व सांगितलें: मजकूर, तो आंकडा, खणांतलें प्रशस्तिपत्र, आणि तेव्हां कांहीं न बोलण्याचें कारणसुद्धां. क्षमेचा शब्द उच्चारला, आणि तिनें उत्तर दिलेंच पाहिजे असें नाहीं, हेंहि म्हटलें. ती बराच वेळ बशीवर बोट फिरवीत बसली. माझ्या पत्नीनें आंतून कांहीं विचारलें, त्याकडेहि तिचें लक्ष नव्हतें.

"राग आला होता, सर," ती म्हणाली. "तेव्हां नाहीं आला. नंतर आला. बाबा घरीं आल्यावर."

मग तिनें घड्याळाकडे पाहिलें. सहाची एस. टी. चुकली असती तर पुढची साडेआठला होती. मीं तिला चौकापर्यंत पोंचवावयास गेलों. वाटेंत आम्ही शेंगांविषयीं आणि त्या वर्षींच्या पावसाविषयीं बोललों.